किनाऱ्याच्या दोन रेषा

आजच्या जहाजाच्या चालककक्षात, आणि आता तर चाळीस फुटी शिडाच्या बोटीतही, सुकाणूसमोरच्या पडद्यावर समुद्राचा इलेक्ट्रॉनिक नकाशा असतो. त्यावर हवे तेव्हा रडारचे चित्र एखाद्या पारदर्शक कागदासारखे अंथरता येते. तसे केले की किनाऱ्याच्या दोन रेषा दिसू लागतात. एक नकाशाची, बारीक आणि ठाम. दुसरी रडारची, जाडसर, कडा फुटलेली, अँटेनाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक किंचित बदलणारी. या दोन रेषा तंतोतंत जुळल्या असे क्वचितच घडते. यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका या न जुळण्याकडे केवळ दुरुस्तीचा विषय म्हणून पाहतात: अमुक पर्याय उघडा, तमुक आकडा बदला, चित्र जुळेपर्यंत सरकवा. माझा आक्षेप या शेवटच्या सूचनेला आहे. दोन रेषांमधले अंतर हा त्या पडद्यावरचा सर्वांत मोलाचा मजकूर असतो आणि तो वाचण्याआधीच पुसून टाकण्याची सवय आपण नाविकांना लावीत आहोत, असे मला वाटते.

साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण एकाच वस्तूविषयी दोन निवेदकांनी दिलेली दोन वृत्ते समोर असताना काय करायचे, हा आपल्या शास्त्राचा रोजचा व्यवहार आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे चुकीचा पाठ स्वीकारला तर एखादा शोधनिबंध बुडतो.

आधी निवेदकांची ओळख करून घेऊ. नकाशा भूतकाळात बोलतो. कोणे एके काळी कुणा सर्वेक्षकाने शिसे बांधलेली दोरी सोडून, किंवा अलीकडे ध्वनिलहरी सोडून खोली मोजली; किनाऱ्यावरून कोन घेतले; मग ते सारे कुणी संपादक-मंडळाने एका प्रमाणात, एका प्रक्षेपात बसवले. त्यातली किनाऱ्याची रेषा ही साधारणतः मोठ्या भरतीची रेषा असते, म्हणजे दिवसातले बहुतेक तास जिथे पाणी पोहोचलेलेच नसते अशी रेषा. शिवाय नकाशाला स्वतःचा अक्षांश-रेखांशांचा पाया असतो. भारतीय किनाऱ्याचे जुने नकाशे १८३०च्या एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले होते; पृथ्वीचा तो आकार याच देशातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून काढलेला. उपग्रह मात्र पृथ्वीचा दुसराच आकार धरून चालतात, १९८४चा. त्यामुळे एकाच दीपगृहाला दोन पत्ते मिळतात. कागदी नकाशांवर त्याविषयी एक टीप छापलेली असे: उपग्रहाने दिलेले स्थान या नकाशावर उतरवताना इतके उत्तरेला वा दक्षिणेला, इतके पूर्वेला वा पश्चिमेला सरकवावे. कोपऱ्यातली ही चार ओळींची टीप न वाचता नकाशा वापरणारे जुन्या काळीही कमी नसावेत.

इलेक्ट्रॉनिक नकाशात तर निवेदकाने आपल्या विश्वासार्हतेची प्रांजळ कबुली देण्याची सोयच आहे. समुद्राच्या प्रत्येक पट्ट्याला सर्वेक्षणाच्या दर्जाप्रमाणे श्रेणी दिलेली असते. सर्वांत वरच्या श्रेणीत स्थानाची अचूकता पाच मीटरच्या आत. ‘बी’ श्रेणीत पन्नास मीटर. ‘सी’ श्रेणीत पाचशे मीटर. आणि ‘डी’ म्हणजे त्याहूनही वाईट. पाचशे मीटर! पडद्यावर मात्र ‘सी’ श्रेणीतला खडकही तितक्याच रेखीव, तितक्याच आत्मविश्वासाने काढलेला दिसतो. श्रेणी सांगणाऱ्या चांदण्यांच्या खुणांनी पडदा भरून जातो म्हणून बहुतेक जण तो थर बंद ठेवतात. प्रस्तावना न वाचता कादंबरीकडे वळणाऱ्या वाचकाची ही सवय आपल्या परिचयाची आहे, पण इथे प्रस्तावनेतच लेखकाने सांगितलेले असते की पुढच्या मजकुरावर किती विसंबावे.

रडार वर्तमानकाळात बोलते. ते सूक्ष्मलहरींचा एक ठोका सोडते, तो आदळून परत येतो, आणि येण्याजाण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. एक मायक्रोसेकंद लागला तर वस्तू सुमारे दीडशे मीटरवर. दिशा कोणती, तर त्या क्षणी अँटेनाचे तोंड जिकडे होते ती. ऐकायला हे निर्दोष वाटते, पण या निवेदकालाही त्याच्या खोडी आहेत. लहान बोटीवरच्या साठ सेंटिमीटरच्या अँटेनाचा झोत सुमारे चार अंशांनी फाकलेला असतो. म्हणजे एका सागरी मैलावर तो जवळजवळ १३० मीटर रुंद होतो, आणि तेवढ्या रुंदीत जे काही असेल ते सारे एकाच कमानीत मिसळून जाते. शंभर मीटर रुंदीचे बंदराचे तोंड मैलभर अंतरावरून रडारला बंद दिसते. जवळ गेल्यावर ते उघडते. पुढचा डोंगर मागच्या दरीला झाकतो. उतरती वाळू, चिखलवट, तिवरांची कड ही रडारला नीट दिसत नाही. त्यांच्यामागे असलेला कडा किंवा इमारतींची रांग दिसते. मुंबईकडे येणाऱ्या जहाजाला खांदेरीचे खडकाळ बेट ठसठशीत दिसते, खाडीकाठच्या चिखलाचा काठ मात्र रडारच्या लेखी जवळजवळ नसतोच. पावसाळ्यात तर सरीसुद्धा एखाद्या भूभागासारख्या उमटतात.

थोडक्यात, रडारची किनारपट्टी म्हणजे ‘जिथून काहीतरी परतले ती जागा’ आणि नकाशाची किनारपट्टी म्हणजे ‘जिथवर भरतीचे पाणी चढते असे ठरवले गेले ती जागा’. या दोन्ही वाक्यांना आपण ‘किनारा’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून त्या जुळाव्यात अशी अपेक्षा निर्माण होते. वरळीपासून दक्षिणेकडचा मुंबईचा पश्चिम काठ गेल्या काही वर्षांत भराव घालून बदलला, तिथला सागरी रस्ता मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. असा भराव पडतो त्या दिवसापासून रडारला दिसू लागतो. नकाशाला तो पुढच्या सुधारणेत दिसतो, आणि ती सुधारणा ज्या बोटीने यंत्रात भरून घेतली नाही तिला दिसतच नाही. यात चूक कोणाची आहे? कोणाचीच नाही. दोन वृत्ते वेगवेगळ्या तारखांची आहेत.

पण सगळेच अंतर असे निरागस नसते, आणि इथे विषय खरा रंगतो. न जुळण्यालाही एक व्याकरण असते. समजा, बोटीजवळच्या वस्तू नकाशावर बरोबर बसताहेत, पण जसजसे दूर जावे तसतशा त्या एकाच बाजूला घसरत आहेत, जणू सारे चित्र बोटीभोवती थोडे फिरवले आहे. असे असेल तर दोष दिशेचा. अँटेना डोलकाठीवर बसवताना दोनेक अंशांनी वाकडी बसली असेल, किंवा होकायंत्राशेजारी कुणी ध्वनिवर्धक आणून ठेवला असेल. एका अंशाची चूक सहा सागरी मैलांवर सुमारे १९५ मीटरची होते. हाच दोष बोट वळली की कमीजास्त होत असेल तर होकायंत्रावर बोटीतल्या लोखंडाचा परिणाम होतो आहे, हे उघड. आणि बोटीला होकायंत्र जोडलेलेच नसून यंत्र जीपीएसच्या मार्गावरून दिशा ठरवीत असेल, तर आडव्या प्रवाहात चित्र फिरणारच. कारण बोट ज्या दिशेला सरकते आणि तिचे तोंड ज्या दिशेला असते त्या तेव्हा दोन वेगळ्या दिशा असतात. (अशी बोट नांगरावर उभी केली तर जीपीएसला दिशा कळेनाशी होते आणि सारा किनारा पडद्यावर गरगर फिरू लागतो. हे दृश्य पाहून नवखे लोक घाबरतात, जुने हसतात.)

याउलट, जवळचे आणि दूरचे असे सगळेच सारख्या अंतराने, एकाच दिशेला सरकले असेल तर दोष स्थानाचा. एक तर बोट जिथे आहे असे यंत्र सांगते तिथे ती नाही, किंवा नकाशाचा पाया निराळा आहे. सरळ धक्का जवळून पाहताना धनुष्यासारखा वाकलेला दिसला तर रडारच्या अंतरमोजणीचा शून्य चुकला आहे. आणि सगळे जुळून एकच वस्तू जागेवर नसेल, तर ती वस्तू हलली आहे: बोया साखळी तोडून वाहत गेला असेल, किंवा नकाशात जो बोया मानला तो खरे तर नांगरलेली मासेमारी बोट असेल. ज्याला हे व्याकरण येते त्याला पडद्यावरची विसंगती पाहून तिचा कर्ता ओळखता येतो, जसे हस्तलिखितातल्या चुकांवरून लेखनिक ओघात ओळ गाळतो की ऐकून लिहिताना फसतो, हे पाठचिकित्सकाला सांगता येते.

आता त्या ‘चित्र जुळेपर्यंत सरकवा’कडे येऊ. अँटेनाची वाकडी बैठक ही कायमची, मोजता येणारी चूक आहे. बोट बंदरात स्थिर असताना, शांत हवेत, एखाद्या स्पष्ट आणि एकाकी खुणेवर नेम धरून ती एकदा काढून टाकलीच पाहिजे. त्याला माझी अर्थातच हरकत नाही. हरकत आहे ती भर प्रवासात, कारण न शोधता, हाताने चित्र सरकवून दोन रेषा एकमेकींवर बसवण्याला. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते. फिरवण्याने स्थानाची चूक झाकता येते, सरकवण्याने दिशेची. एका टोकावर चित्र बरोबर बसते, पडदा स्वच्छ दिसतो, आणि दुसऱ्या टोकावरची चूक दुप्पट होऊन पुढच्या वळणाची वाट पाहत राहते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सुकथनकरांच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९३३मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, १९६६मध्ये सारा ग्रंथ. त्या पानांची रचना आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. वर संपादकाने निवडलेला पाठ, आणि खाली, त्याच पानावर, नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात काय आहे यासह. संपादक निर्णय घेतो, पण ज्या मतभेदातून निर्णय घेतला तो वाचकापासून लपवत नाही. मला नाविकांच्या पडद्याकडून एवढीच शिस्त अपेक्षित आहे. चित्र सरकवायचेच असेल तर किती आणि कोणत्या दिशेला सरकवले हे त्याच पडद्यावर ठळकपणे राहिले पाहिजे, आणि पाळी बदलून येणाऱ्या माणसाला ते मागावे न लागता दिसले पाहिजे. अनेक यंत्रांत तो आकडा एखाद्या पर्यायसूचीच्या तिसऱ्या पायरीवर दडलेला असतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख ‘न जुळणे चांगले’ अशा सोप्या बाजूला झुकला असता. पण जुळण्याचीही चौकशी करावी लागते, आणि तिच्यासाठी १९९५ सालच्या एका अपघाताइतके बोलके उदाहरण माझ्या माहितीत नाही.

‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज ९ जून १९९५ रोजी दुपारी बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघाले. जहाजावर १५०९ माणसे होती. निघाल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली. उपग्रहांचा संकेत तुटला. यंत्राने आपल्या पद्धतीप्रमाणे वेग आणि दिशा यांवरून अंदाजाने स्थान काढायला सुरुवात केली. तसे करीत असल्याचे त्याने सांगितलेही, पण लहानशा पडद्यावरच्या दोन-तीन बारीक अक्षरांत. ती अक्षरे कुणी वाचली नाहीत. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू पश्चिमेकडे रेटत राहिले आणि यंत्र मात्र नियोजित मार्गावर सरळ रेषा काढीत राहिले. चौतीस तासांनी, १० जूनच्या रात्री सुमारे साडेदहाला, नँटकेट बेटाच्या पूर्वेला दहा मैलांवरच्या उथळ वाळूत जहाज रुतले. अधिकारी समजत होते त्या जागेपासून ते १७ मैल दूर होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा या अपघातावरचा १९९७चा अहवाल मी साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगेन. अन्वयार्थाचा इतका तपशीलवार अभ्यास समीक्षाग्रंथांतही विरळा. त्यातला मर्माचा प्रसंग असा. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मुख्य अधिकाऱ्याला रडारवर डाव्या अंगाला, सात मैलांवर एक ठिपका दिसला. रडारच्याच पडद्यावर नियोजित मार्गाच्या रेषा आणि बोयांच्या खुणा उमटवलेल्या होत्या, आणि जिथे जलमार्गाच्या तोंडाचा बोया अपेक्षित होता नेमका तिथेच तो ठिपका बसला. बोया जवळून गेला तेव्हा मावळत्या सूर्याची तिरीप पाण्यावर होती, त्यामुळे डोळ्यांनी त्याची ओळख पटली नाही. पण ओळख पटवण्याची गरज कुणाला वाटणार? रडार आणि नकाशा जुळले होते. वस्तुतः तो दुसराच बोया होता, अपेक्षित बोयापासून सुमारे पंधरा मैलांवरचा.

दोन साक्षीदारांचे इतके सुंदर एकमत झाले आणि ते खोटे निघाले. कारण जुळला होता एक ठिपका. एका बिंदूला आकार नसतो. तो कोणत्याही दुसऱ्या बिंदूवर बसू शकतो. बेटाची कड, भूशिराचा कोन, दोन टेकड्यांमधले अंतर अशी आकृती जुळली असती तर ते जुळणे वजनाचे ठरले असते. हस्तलिखितांच्या बाबतीतही एखादा सुटा शब्द सारखा आढळला म्हणून दोन पोथ्यांचे नाते आपण मानत नाही. सामाईक पाठांचा, विशेषतः सामाईक चुकांचा, आकृतिबंध मागतो.

पुढचा प्रसंग अधिकच विदारक. पाळी बदलली. दुसऱ्या अधिकाऱ्याला पुढचा बोया ना डोळ्यांनी दिसला, ना रडारवर. ही विसंगती होती, आणि मोठ्याने बोलणारी होती. त्याने तिचे काय केले? जीपीएस मार्गावर आहे असे सांगते, तेव्हा बोया असणारच, कदाचित रडारने तो टिपला नसेल, असा अर्थ त्याने लावला, आणि कप्तानाला बोया दिसल्याचे सांगितले. टेहळणीवरच्या खलाशांनी उंचावरचे लाल दिवे दिसल्याचे कळवले, नंतर समोर निळे-पांढरे पाणी दिसत असल्याचेही कळवले. रडारचा पल्ला सहा मैलांवर ठेवलेला होता, त्यामुळे दहा मैलांवरचा नँटकेटचा किनारा, जो एका नजरेत सारे सांगू शकला असता, पडद्याबाहेर राहिला. आणखी एक यंत्र, लोरान-सी, त्याच चालककक्षात स्वतंत्रपणे खरे स्थान दाखवीत होते. त्याच्याशी कुणी ताडून पाहिले नाही. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

यावर अनुभवी नाविकांचे एक उत्तर असते आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. पूर्वी रडार एका कोपऱ्यात आणि नकाशा दुसऱ्या कोपऱ्यात असे. दोहोंचा मेळ अधिकाऱ्याने मनात घालायचा. पहाटे दोन वाजता, दाटीच्या पाण्यात, ते मानसिक भाषांतर करताना माणसे चुकत आणि मरत. एकाच पडद्यावर दोन्ही आणणे ही मोठी सोय आहे. नकाशातला बोया कोणता आणि अनोळखी जहाज कोणते हे क्षणात कळते. हे मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे सोयीविरुद्ध नाही. दोन चित्रे एकत्र आणण्याचा खरा लाभच हा, की त्यांच्यातले अंतर आता मनात धरावे लागत नाही, डोळ्यांना दिसते. आणि नेमके तेच पुसायला शिकवायचे?

हा वाद आज अधिक निकडीचा झाला आहे. २०१८च्या मध्यापर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांनी मोठ्या जहाजांवर टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नकाशे सक्तीचे केले. पडद्यावरचे स्थान बहुधा उपग्रहांवरूनच येते. जून २०१७मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराजवळ असलेल्या किमान वीस जहाजांना त्यांच्या जीपीएसने आपण जमिनीवर, गेलेंजिकच्या विमानतळावर, असल्याचे सांगितले. कुणीतरी खोटे संकेत सोडले होते. त्यानंतर बाल्टिक, पूर्व भूमध्य, होर्मुझची सामुद्रधुनी अशा ठिकाणी अशा ढवळाढवळीच्या बातम्या नित्याच्या झाल्या आहेत. विमानतळावरचे जहाज हा तरी विनोद होता, कोणाच्याही ध्यानात येईल असा. घातक ठरेल ती अर्ध्या मैलाची लबाडी. अशा वेळी नकाशा खोट्या जागी ठामपणे उभा राहतो. रडारला उपग्रहांशी देणेघेणे नसते. त्याने मोजलेले अंतर आणि त्याने पाहिलेली दिशा बोटीपासूनची असते. रडारचा किनारा नकाशाच्या किनाऱ्यावरून अर्धा मैल सरकलेला दिसतो तो जाहीरपणे, सगळ्या आकृतीसकट, आणि कित्येकदा सर्वांत आधी मिळणारी सूचना तीच असते. त्या क्षणी पाळीवरच्या तरुण अधिकाऱ्याच्या बोटांना ‘जुळवून टाका’ ही सवय लागलेली असेल तर तो प्रामाणिकपणे, नीटनेटकेपणाच्या ओढीने, एकुलता एक खरा साक्षीदार खोट्यावर नेऊन बसवील. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुले आज या पाण्यांतून जहाजे नेत आहेत.

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार रडारचा थर एका कृतीत पडद्यावरून काढता आला पाहिजे, म्हणजे नकाशा झाकला जाणार नाही. तरतूद चांगली आहे. तिच्या जोडीला प्रशिक्षणसंस्थांनी एक जुनाट, कागदी सवय लावावी असे मी सुचवीन. पाळी सोपवताना नोंदवहीत एक ओळ लिहायची: कोणती खूण पाहिली, रडारने ती नकाशापासून किती आणि कोणत्या दिशेला दाखवली, आणि ते अंतर मागच्या पाळीपेक्षा वाढले की घटले. जुळत असेल तर काय जुळले तेही लिहायचे, ठिपका की किनाऱ्याचा आकार.